धोरणाचा परिणाम मोजायचा, तर आधी नियम वाचा

सरकारी योजनांच्या यशाचे अहवाल बहुधा एकाच साच्यातले असतात. इतका निधी खर्च झाला, इतक्या लाभार्थ्यांपर्यंत पोहोचलो, योजनेआधी अमुक प्रमाण होतं ते नंतर तमुक झालं, आणि बहुतेक लाभार्थी समाधानी आहेत. यातला एकही आकडा खोटा नसेल, पण योजनेचा परिणाम किती झाला हे त्यातून कळत नाही. योजना आल्यावर जे झालं आणि ती आली नसती तर जे झालं असतं, त्या दोहोंतला फरक म्हणजे परिणाम. यातली पहिली बाजू मोजता येते. दुसरी घडलेलीच नसते, त्यामुळे ती कुठून तरी उसनी आणावी लागते. धोरण मूल्यमापनाचं सगळं शास्त्र ही उसनवारी प्रामाणिकपणे कशी करायची याचं आहे.

२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं. २०२१ चं डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना. दोन्हींच्या मुळाशी हाच प्रश्न होता. पहिल्या तिघांनी प्रत्यक्ष प्रयोग केले, दुसऱ्या तिघांनी आपोआप घडून गेलेल्या घटनांमधून प्रयोग शोधून काढायच्या पद्धती रुजवल्या.

विद्यार्थी असोत, पत्रकार असोत की एखाद्या विभागातले विश्लेषक, या कामाला हात घालताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कोणतं मॉडेल लावू?” माझ्या मते तो फार पुढचा प्रश्न आहे. लाभ कोणाला द्यायचा, कोणाला नाही आणि कोणाला आधी, हे प्रशासनानं कोणत्या नियमानं ठरवलं ते पाहा. पद्धत त्या नियमातूनच निघते.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात बसवा

“रोजगार योजनेचा परिणाम” हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणावर, कशावर, किती काळात आणि कशाच्या तुलनेत. शेवटची सर्वांत जास्त विसरली जाते. योजना आणि “काहीच नाही” यांची तुलना करायची, की योजना आणि त्याच पैशात करता येण्याजोगं दुसरं काही यांची? दोन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात.

मग पैशापासून माणसाच्या आयुष्यातल्या बदलापर्यंतची साखळी कागदावर मांडा. सायकल वाटली, रस्ता झाला, कार्ड दिलं ही झाली कामं. मुलगी शाळेत टिकली, घरातलं उत्पन्न वाढलं हे परिणाम. मधल्या प्रत्येक कडीपुढे ती कशावरून मोजणार ते लिहा. याचा उपयोग शेवटी होतो. निष्कर्ष शून्य आला, तर साखळी नेमकी कुठे तुटली हे सांगता येतं.

कोणता परिणाम मोजायचा यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे ओरेगॉनमध्ये दिसलं. अमेरिकेतल्या या राज्याकडे २००८ मध्ये गरीब प्रौढांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात सुमारे १०,००० जागा होत्या आणि नावं आली जवळपास ९०,०००. राज्यानं सोडत काढली. एमी फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी सोडतीत नाव निघालेल्यांची आणि न निघालेल्यांची तुलना केली. विम्यामुळे आर्थिक ओढाताण कमी झाली आणि नैराश्याचं प्रमाणही घटलं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत मात्र पहिल्या दोन वर्षांत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. तातडीच्या विभागातल्या फेऱ्या कमी होतील अशी आशा होती, त्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. विम्याचे समर्थक आणि विरोधक, दोघांनाही आपापल्या सोयीचा रकाना यात सापडला. म्हणून मुख्य परिणाम एक किंवा दोनच ठरवा, आणि तेही आकडे हाती येण्याआधी.

पायरी २: नियम वाचा, आणि तो पाळला गेला का तेही पाहा

इथे वेळ घालवा. मूळ आदेश, मार्गदर्शक सूचना, नंतरची शुद्धिपत्रकं, निधीवाटपाची परिपत्रकं, सगळं गोळा करा आणि तारखांनुसार लावा. घोषणेची तारीख, आदेशाची तारीख, पहिला हप्ता पडल्याची तारीख या तीन वेगळ्या तारखा असतात. त्यांच्यामधल्या काळात लोक वागणं बदलू लागतात. करसवलत पुढच्या वर्षी मिळणार असं कळलं की या वर्षीची खरेदी थांबते. मग पुढच्या वर्षीची वाढ सवलतीची किती आणि नुसत्या थांबलेल्या खरेदीची किती, हे सांगणं अवघड होतं.

कागद वाचताना चार प्रश्न मनात ठेवा. पात्रतेची अट कोणती, आणि तिच्यात एखादा आकडा आहे का? पात्र लोक जास्त आणि जागा कमी असतील तर निवड कशी झाली? योजना सगळीकडे एकदम आली की टप्प्याटप्प्यानं, आणि टप्प्यांचा क्रम कोणी ठरवला? शेवटचा: अर्ज करणं ऐच्छिक होतं का?

चौथ्याचं उत्तर “हो” असेल तर सावध व्हा. स्वतःहून पुढे येणारे लोक मागे राहणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात, आणि हे वेगळेपण कुठल्याच रकान्यात नोंदलेलं नसतं. त्यांची जिद्द, ओळखी, घरची अडचण यांपैकी काहीही आड येऊ शकतं. वेळेचाही घोळ असतो. ऑर्ली ॲशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की नोकरीसाठीच्या प्रशिक्षणात येणाऱ्यांची कमाई प्रशिक्षणाच्या लगेच आधी घसरलेली असते. नोकरी गेली, म्हणूनच तर ते आले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची कमाई प्रशिक्षण न घेताही काही प्रमाणात वर आली असती. “आधी आणि नंतर” अशी तुलना केली, की ते सगळं श्रेय प्रशिक्षणाच्या पदरात पडतं. सर्वांत वाईट निकालाच्या शाळा निवडून त्यांना मदत दिली की पुढच्या वर्षी निकाल सुधारतो, त्यातही हा भाग असतोच.

नियमातून अभ्यास कसा उभा राहतो, याचं चांगलं उदाहरण म्हणजे भारतातल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेवरचं सॅम आशर आणि पॉल नोवोसाद यांचं २०२० मधलं संशोधन. योजनेत आधी १,००० हून जास्त आणि मग ५०० हून जास्त लोकसंख्येच्या वस्त्यांना प्राधान्य होतं. ४९० लोकांचं गाव आणि ५१० लोकांचं गाव यांत इतर बाबतींत काही मोठा फरक असण्याचं कारण नाही, पण रस्ता मिळण्याची शक्यता मात्र एकदम वेगळी. म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडची गावं पलीकडच्या गावांसाठी तुलना गट झाली. हे दिसायला सोपं आहे. खरी मेहनत पुढे होती. निकष सगळ्याच राज्यांनी पाळला नव्हता, त्यामुळे तो पाळणारी राज्यंच अभ्यासात घेतली. योजनेच्या दप्तरात नोंदलेल्या लोकसंख्येत आकडे उंबरठ्याच्या वर ढकलल्याच्या खुणा होत्या, म्हणून जनगणनेतली लोकसंख्या वापरली. निष्कर्ष असा आला, की रस्त्यामुळे वाहतुकीच्या सोयी वाढल्या आणि लोक शेतीतून इतर कामांकडे वळले, पण शेतीचं उत्पादन, घरातली मालमत्ता किंवा उत्पन्न यांत मोठी वाढ दिसली नाही.

कागदावरचा नियम आणि चाललेला नियम यांतलं अंतर तुम्हालाही मोजावंच लागेल. पहिला आलेख तोच काढा: आडव्या अक्षावर पात्रतेचा आकडा, उभ्या अक्षावर प्रत्यक्ष लाभ मिळाल्याचं प्रमाण. उंबरठ्यावर उडी दिसली नाही तर तो उंबरठा विसरा. उडी दिसली, पण उंबरठ्याच्या लगेच पलीकडे लोकांची संशयास्पद गर्दी असेल, तर कोणीतरी आकडे सरकवले आहेत.

पायरी ३: नियमाला जुळणारी तुलना उभी करा

निवड सोडतीनं झाली असेल तर तुमचं निम्मं काम झालं. मेक्सिकोनं १९९७ मध्ये प्रोग्रेसा ही योजना आणली. मुलं शाळेत जात असतील आणि आरोग्य तपासणी होत असेल तर आईच्या हातात रोख रक्कम द्यायची, अशी ती होती. सगळ्या गावांना एकदम पुरेल इतका निधी आणि यंत्रणा नव्हती. अभ्यासासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत योजना आधी आली, १८६ गावांना थांबावं लागलं, आणि कोण आधी हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं गेलं. कोणाचा हक्क डावलला गेला नाही, आणि तुलना गट आपोआप मिळाला. माध्यमिक शाळेत, विशेषतः मुलींची पटनोंदणी वाढल्याचं स्पष्ट दिसलं.

सोडतीसारखंच काम कधी कधी रोटेशन करतं. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात कोणत्या ग्रामपंचायतीचं प्रमुखपद महिलेसाठी राखीव, हे गावाच्या गुणावगुणांवरून ठरत नव्हतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी राखीव आणि अराखीव पंचायतींची थेट तुलना केली. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यासारख्या, महिलांनी लावून धरलेल्या कामांवर जास्त भर असल्याचं त्यांना आढळलं.

उंबरठ्याचं वर सांगितलंच आहे. आता जास्त वापरल्या जाणाऱ्या, आणि म्हणून जास्त चुकणाऱ्या पद्धतीकडे येऊ. एका प्रदेशात धोरण बदललं, शेजारच्या प्रदेशात नाही. अशा वेळी दोन्हीकडच्या बदलांची वजाबाकी करतात. हिला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, मराठीत फरकातला फरक.

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्टफूड दुकानांची वेतनवाढीआधी आणि नंतर पाहणी केली. अर्धवेळ कामगार पूर्णवेळेच्या हिशेबात मोजले, तर न्यू जर्सीत दर दुकानी सरासरी २०.४४ कामगार होते ते २१.०३ झाले. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होते ते २१.१७ झाले.

फक्त वेतनवाढीनंतरचे आकडे पाहिले, तर २१.०३ आणि २१.१७, म्हणजे फरक जवळपास नाहीच. फक्त न्यू जर्सी पाहिलं, तर ०.५९ ची किरकोळ वाढ. दोन्हीकडच्या बदलांची वजाबाकी केली, तर ०.५९ वजा उणे २.१६, म्हणजे सुमारे २.७५ ची वाढ. वेतन वाढलं की रोजगार घटतो, हे पाठ्यपुस्तकातलं भाकीत इथे खरं ठरलं नाही.

आता तीच वजाबाकी पुन्हा पाहा. २.७५ पैकी २.१६ एवढा भाग पेनसिल्व्हेनियातल्या घसरणीतून आला आहे. न्यू जर्सीत फारसं काही घडलंच नाही. म्हणजे वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही पेनसिल्व्हेनियाइतकीच घसरण झाली असती, या गृहीतकावर सगळा निष्कर्ष उभा आहे. वादही तिथेच आणि आकडे गोळा करण्याच्या पद्धतीवर झाला. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे उलटा निष्कर्ष काढला. त्यावर कार्ड आणि क्रूगर यांनी २००० साली मोठ्या सरकारी नोंदी वापरून उत्तर दिलं आणि रोजगारात घट दिसत नसल्याचं पुन्हा मांडलं.

या गृहीतकाला समांतर कल म्हणतात. ते सिद्ध करता येत नाही, पण त्याची परीक्षा घेता येते. धोरणाआधीच्या पाच-सात वर्षांचे दोन्ही प्रदेशांचे आकडे एकाच आलेखावर काढा. रेषा आधीपासूनच एकमेकींपासून लांब जात असतील, तर पुढचं काम थांबवा. पूर्वीची वर्षंच उपलब्ध नसतील, तर हा अभ्यास करू नये असं माझं मत आहे. निदान त्याला परिणामाचा अभ्यास म्हणू नये.

एक वजाबाकी पुरेशी वाटत नसेल तर आणखी एक करता येते. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. त्याच काळात राज्यात इतरही बरंच काही बदलत होतं, त्यामुळे मुलींची पटनोंदणी वाढली एवढ्यानं काही ठरत नव्हतं. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी मुलींची तुलना मुलांशी केली, योजनेच्या वयातल्या मुलींची त्यांच्याहून थोड्या मोठ्या मुलींशी केली आणि बिहारची झारखंडशी. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, असं त्यांचं उत्तर आलं. मला त्या अभ्यासातला सर्वांत पटणारा पुरावा वेगळाच वाटतो. ही वाढ मुख्यतः तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब शाळा असलेल्या गावांत दिसली. सायकलचा परिणाम असेल तर तो नेमका असाच दिसायला हवा. मोबदला म्हणून नुसते पैसे मिळाल्याचा असता, तर अंतराशी त्याचा एवढा संबंध नसता.

प्रदेश वेगवेगळ्या वर्षी योजनेत आले असतील, तर नेहमीचं दुहेरी स्थिर-परिणाम रिग्रेशन (प्रत्येक प्रदेशाचा आणि प्रत्येक वर्षाचा ठरावीक फरक वजा करून परिणाम काढणारं समीकरण) डोळे मिटून चालवू नका. त्यात आधी आलेले प्रदेश नंतर आलेल्यांसाठी तुलना गट बनतात, आणि परिणाम काळानुसार वाढत असेल तर उत्तराचं चिन्हसुद्धा उलटू शकतं. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये हा दोष उलगडून दाखवला. कॅलवे आणि सँटअ‍ॅना यांनी सुचवलेली पद्धत आता सगळ्या प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती वापरा.

धोरण एकाच राज्यात किंवा देशात आलं आणि हुबेहूब शेजारी नाही, अशा वेळी अनेक प्रदेशांचं वजनानुसार मिश्रण करून एक कृत्रिम जोडीदार बनवतात. कॅलिफोर्नियात जानेवारी १९८९ पासून सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट जादा कर लागला. आल्बर्टो आबादी आणि सहकाऱ्यांनी ३८ राज्यांच्या संचातून युटा, नेवाडा, माँटाना, कोलोरॅडो आणि कनेक्टिकट यांचं असं मिश्रण शोधलं, की १९८९ आधीचा त्याचा विक्रीचा आलेख कॅलिफोर्नियाशी जुळला. करानंतर दोघांतलं अंतर वाढत गेलं. २००० साली ते दरडोई वर्षाला सुमारे २६ पाकिटांचं होतं.

वरीलपैकी काहीच हाती नसेल तर वय, शिक्षण, उत्पन्न जुळवून लाभार्थ्यांसारखे दिसणारे बिगरलाभार्थी शोधायचे, हा मार्ग उरतो. सर्वांत जास्त अहवाल याच मार्गानं लिहिले जातात, आणि माझा सर्वांत कमी विश्वास त्यावरच आहे. रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये त्याची कसोटी घेतली. अमेरिकेतल्या एका रोजगार प्रशिक्षण कार्यक्रमाचं उत्तर खऱ्या प्रयोगातून आधीच माहीत होतं. प्रयोगातला तुलना गट बाजूला ठेवून त्यांनी राष्ट्रीय पाहण्यांमधून तुलना गट घेतले आणि तेव्हाच्या प्रचलित पद्धती लावल्या. उत्तरं चहूकडे विखुरली. काही तर उणे आली.

पायरी ४: आकडे पुरेसे आहेत का, ते आधी मोजा

दोन गटांतला फरक पकडायला प्रत्येक गटात किती माणसं लागतील, याचं एक झटपट सूत्र आहे. १६ ला परिणामाच्या वर्गानं भागा, परिणाम प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाच्या) भाषेत मांडून. ०.२ प्रमाण विचलनाइतका परिणाम अपेक्षित असेल तर १६ भागिले ०.०४, म्हणजे गटागणिक ४००. परिणाम निम्मा झाला की नमुना चौपट लागतो. पाच टक्के महत्त्वपातळी (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के शक्ती (असलेला परिणाम पकडण्याची शक्यता) धरून हे सूत्र आहे.

पण योजना बहुधा माणसागणिक नव्हे, गावागणिक येते. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ४० माणसं म्हणजे ४० स्वतंत्र माहिती नव्हे. दर गावी ४० माणसं आणि त्यांच्यातलं साम्य (शून्य म्हणजे मुळीच नाही, एक म्हणजे हुबेहूब) ०.२ धरलं, तर नमुना १ अधिक ३९ गुणिले ०.२, म्हणजे ८.८ पट वाढवावा लागतो. ४०० चे झाले ३,५२०, म्हणजे प्रत्येक गटात ८८ गावं. दहा गावांत योजना आणि दहा गावांत नाही, अशा रचनेतून लहान परिणाम सापडणं जवळपास अशक्य आहे. तिथे माणसं वाढवून उपयोग नाही, गावं वाढवा.

प्रशासकीय नोंदी स्वस्त आणि प्रचंड असतात, पण ज्या आकड्यावर कोणाचं अनुदान किंवा बढती ठरते तो आकडा पुरावा म्हणून वापरू नका. शाळेनं स्वतः नोंदलेली हजेरी आणि अचानक भेट देऊन मोजलेली हजेरी वेगळी निघते. दुसऱ्याच कारणासाठी झालेली घरोघरची पाहणी मिळाली तर उत्तम. सायकल योजनेच्या अभ्यासात तशीच वापरली होती.

पायरी ५: विश्लेषणाचा आराखडा आधी लिहून कुलूपबंद करा

मुख्य परिणाम, उपगट, नमुन्याची हद्द आणि समीकरण आकडे पाहण्याआधी लिहा आणि तारखेसह नोंदवा. प्रयोगांसाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदवही २०१३ पासून खुली आहे. वीस परिणाम तपासले तर काहीच परिणाम नसतानाही एखादा निव्वळ योगायोगानं “लक्षणीय” निघतो. नेमका तोच मथळ्यात जाऊन बसतो.

पायरी ६: गणित, पण दोन जागी सांभाळून

पहिली जागा प्रमाणत्रुटीची, म्हणजे उत्तर किती डळमळीत आहे हे सांगणाऱ्या आकड्याची. धोरण ज्या पातळीवर ठरलं त्या पातळीवर त्रुटींचे गुच्छ करा, म्हणजे तिथली माणसं सुटी न धरता एकगठ्ठा धरून त्रुटी मोजा: जिल्ह्यावर ठरलं तर जिल्ह्यावर, राज्यावर तर राज्यावर. मरियान बर्ट्रांड, एस्थर दुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांवर काल्पनिक कायदे “लागू” करून पाहिले. कायदा खोटाच, म्हणजे पाच टक्के वेळाच परिणाम दिसायला हवा होता. नेहमीच्या प्रमाणत्रुटींनी तो ४५ टक्क्यांपर्यंत दिसला.

दुसरी जागा “देऊ केलं” आणि “घेतलं” यांच्यातली. ओरेगॉनच्या सोडतीत नाव निघालेल्यांपैकी अनेकांनी अर्ज पूर्ण केलाच नाही, काहींचा नामंजूर झाला. नाव निघाल्यामुळे विमाधारकांचं प्रमाण वाढलं ते सुमारे २५ टक्केबिंदूंनी. अशा वेळी फक्त विमा घेतलेल्यांना वेगळं काढून तुलना करायची नाही, कारण ते पुन्हा स्वतःहून पुढे आलेले लोक. नाव निघालेल्या सगळ्यांची न निघालेल्या सगळ्यांशी तुलना करा. त्या फरकाला ०.२५ नं भागलं, म्हणजे चारपट केलं, की सोडतीमुळे विमा मिळालेल्यांवरचा परिणाम मिळतो. अट एकच: नाव निघाल्याचा परिणाम विम्यावाटेच झाला पाहिजे, दुसऱ्या कुठल्या वाटेनं नाही. अहवालात दोन्ही आकडे द्या. योजना राबवणाऱ्याला बहुधा पहिला हवा असतो, कारण लोक अर्ज अर्धवट सोडतात हेही वास्तवच आहे.

पायरी ७: स्वतःचाच निष्कर्ष पाडून पाहा

धोरणाची तारीख खोटी धरा, दोन वर्षं मागे. परिणाम तिथेही दिसला तर गडबड आहे. ज्या गोष्टीवर परिणाम होणं शक्यच नाही तिच्यावर तेच समीकरण चालवा. सिगारेट कराच्या अभ्यासात लेखकांनी इतर प्रत्येक राज्यात जणू तोच कर लागला असं धरून तीच पद्धत पुन्हा चालवली. ३९ राज्यांत करापूर्वीच्या तफावतीच्या मानानं नंतरची तफावत सर्वांत मोठी कॅलिफोर्नियाचीच निघाली. मधूनच नमुन्यातून गळालेले लोक दोन्ही गटांत सारखे आहेत का, हेही तपासा.

सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट म्हणजे सांडणारा परिणाम. एडवर्ड मिगेल आणि मायकल क्रेमर यांच्या केनियातल्या ७५ शाळांच्या अभ्यासात जंताचं औषध न घेतलेल्या वर्गमित्रांनाही फायदा झाला, कारण संसर्गच कमी झाला. त्याच शाळेतली औषध न घेतलेली मुलं तुलना गट म्हणून धरली असती, तर औषधाचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसला असता. उलटंही घडतं. फ्रान्समध्ये बेरोजगार पदवीधर तरुणांना नोकरी शोधायला मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला. ब्रुनो क्रेपोन आणि सहकाऱ्यांनी २३५ भागांत मदत किती टक्के तरुणांना द्यायची, तेही यादृच्छिक ठेवलं. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, पण काही प्रमाणात त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांच्या वाट्याच्या. दोन गटांची साधी तुलना केली असती, तर हीच योजना जोरदार यशस्वी ठरली असती.

पायरी ८: खर्चाशी जोड द्या

परिणाम आहे एवढं पुरत नाही. नॅथनियल हेंड्रेन आणि बेन स्प्रंग-कायझर यांनी अमेरिकेतल्या १३३ धोरणांसाठी एकच माप वापरलं: लोकांना मिळालेला लाभ भागिले सरकारचा निव्वळ खर्च. निव्वळ म्हणजे पुढे वाढलेला कर आणि वाचलेलं अनुदान वजा करून. गरीब घरांतल्या मुलांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर केलेला खर्च या मापावर सर्वांत वर राहिला. त्यातली अनेक धोरणं स्वतःचा खर्च भरून काढणारी निघाली. खर्चात अंमलबजावणीचे पगार आणि लोकांचा रांगेत गेलेला वेळ धरायला विसरू नका.

पायरी ९: दुसरीकडे चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ मध्ये ७९ शाळांत सुरू झालेल्या प्रयोगानं लहान वर्गांत मुलं जास्त शिकतात हे दाखवलं. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये तेच राज्यभर केलं, एकदम हजारो नवे शिक्षक लागले, आणि अनुभव नसलेले किंवा पुरेशी पात्रता नसलेले शिक्षक वर्गांवर आले. केनियात कंत्राटी शिक्षकांचा कार्यक्रम स्वयंसेवी संस्थेनं राबवला तिथे मुलांचे गुण वाढले. तोच कार्यक्रम सरकारी यंत्रणेनं राबवला तिथे काहीच फरक पडला नाही. दुसरीकडचा निष्कर्ष उचलण्याआधी पहिल्या पायरीतली साखळी पुन्हा समोर घ्या आणि आपल्याकडे कोणती कडी कच्ची आहे ते बघा.

पायरी १०: अहवाल

पहिल्याच पानावर एक आकडा, त्याची कमाल-किमान मर्यादा आणि कशाच्या तुलनेत हे लिहा. “परिणाम नाही” आणि “परिणाम आहे की नाही ते या नमुन्यातून कळत नाही” ही दोन वाक्यं कधीही अदलाबदल करू नका. मर्यादा उणे १ ते अधिक १ टक्का असेल तर पहिलं वाक्य, उणे २० ते अधिक ३० असेल तर दुसरं. समाधानाची पाहणी द्यायचीच असेल तर परिशिष्टात द्या.

योजना अजून सुरू व्हायची असेल तर

अशी संधी क्वचित मिळते, ती सोडू नका. अधिकाऱ्यांकडे मोठा प्रयोग मागायची गरज नसते. पहिली मागणी: टप्प्याटप्प्यानंच जाणार असाल तर टप्प्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. यात खर्च नाही, आणि शिफारशींच्या कटकटीतून त्यांचीही सुटका होते. दुसरी: पहिला हप्ता पडण्याआधी, योजना नंतर येणाऱ्या गावांसह, एक पाहणी होऊ द्या. तिसरी फार साधी आहे आणि तिच्याकडेच सर्वांचं दुर्लक्ष होतं. नामंजूर अर्ज फेकू नका. अर्जदाराचा क्रमांक, मिळालेले गुण, नामंजुरीचं कारण आणि तारीख एवढं मंजूर अर्जांसोबत एकाच तक्त्यात ठेवायला सांगा. मंजूर यादी दहा ठिकाणी सापडते. तुलना करायला लागते ती नामंजूर यादी, आणि बहुतेक कार्यालयांत तीच पहिल्यांदा रद्दीत जाते.